विद्यापीठाच्या परिसरात पर्यावरण जपायचे, तर सुरुवात कोठून करावी

गोव्यातील कोणत्याही विद्यापीठ-परिसरात काम सुरू करताना आधी छपराकडे पाहावे. येथे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे १०० चौरस मीटर छपरावर सुमारे ३ लाख लिटर पाणी उतरते. पहिल्या सरींचे पाणी पालापाचोळा आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येत असल्याने ते वेगळ्या नळाने बाहेर सोडावे, आणि नंतरचे खडी-वाळूच्या गाळणीतून टाकीत किंवा विहिरीत न्यावे.

ताळगाव पठारासारख्या जांभ्या कातळावर मात्र सरसकट वृक्षारोपण करू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. उन्हाळ्यात उजाड दिसणाऱ्या अशा सड्यांवर पावसाळ्यात बोटभर उंचीची सीतेची आसवे आणि पांढरे गेंद फुलतात, आणि वर मातीचा भराव पडला की त्यांची जागाच नाहीशी होते. झाडे लावायचीच, तर वसतिगृहांभोवती भिरंड (कोकम), फणस, जांभूळ लावावेत.

कँटीनमधील खरकट्यात दुप्पट सुका पाला मिसळून खत करावे, ढीग आठवड्याला परतावा, आणि मृगाआधी त्यावर पत्र्याचे छप्पर घालावे, नाहीतर ते कुजून दुर्गंधी सुटते.