ऑनिंग लावताय? भिंतीच्या बाबतीत या चुका टाळा

टेरेसवर किंवा रो हाऊसच्या मागच्या अंगणात गुंडाळी होणारी ऑनिंग, म्हणजे भिंतीतून पुढे येणारं कापडी छत, लावायची म्हटलं की सगळी चर्चा कापडाचा रंग कुठला आणि रिमोट घ्यायचा की हँडल यावरच चालते, भिंत कशाची आहे हे कुणी विचारतच नाही. घोळ तिथेच होतो.

टीव्हीचा स्टँड ठोकतो तसं 4 स्क्रू मारून ही लागत नाही. टीव्ही भिंतीला चिकटून असतो, ऑनिंग 3 मीटर बाहेर येते, खाली खांब नाही. समजा पुढचं 20 किलो वजन भिंतीपासून 2 मीटरवर आहे आणि ब्रॅकेट 20 सेंटीमीटर उंच आहे, तर वरच्या बोल्टांवर मिळून 200 किलोची ओढ येते, तीही बाहेरच्या दिशेने, आणि यात वारा धरलेलाच नाही. प्लास्टिकचे प्लग विसरा.

सगळ्यात बरं म्हणजे आरसीसी बीम सापडवायचा. आधी एक बारीक भोक पाडून बघा: राखाडी भुकटी आणि बिट अडतंय तर काँक्रीट, लाल आली तर वीट, पांढरी येतेय आणि बिट सटकन आत गेलं तर सिपोरेक्ससारखा हलका ब्लॉक. त्या ब्लॉकमध्ये साधा अँकर बोल्ट धरत नाही, तिथे भिंतीच्या आरपार बोल्ट आणि आतून लोखंडी प्लेट, नाहीतर सरळ बीमला धरून फ्रेम बनवून घ्या. कोकणातल्या चिऱ्याच्या भिंतीलाही हेच, चिरा सच्छिद्र असतो. ब्लॉकमध्ये ड्रिलचा हॅमर मोड (ठोकत भोक पाडणारा) बंद ठेवा.

बोल्टची खोली प्लास्टरच्या मागून मोजायची, बाहेरचं प्लास्टर सहज 20 मिलिमीटर असतं आणि ते काही धरून ठेवत नाही. केमिकल अँकर (भोकात चिकट केमिकल भरून बसवायचा बोल्ट) वापरत असाल तर भोकातली धूळ ब्रश आणि पंपाने नीट काढा, धुळीला चिकटलेलं केमिकल धुळीसकट बाहेर येतं. घाई असते म्हणून कारागीर नेमकं हेच सोडतात, तेव्हा समोर उभं राहा.

उतार मीटरला 25 सेंटीमीटर तरी हवा, नाहीतर कापडात पाणी साचतं, 1 चौरस मीटरवर 5 सेंटीमीटर पाणी म्हणजे 50 किलो! पण 3 मीटरला 75 सेंटीमीटर उतार म्हणजे भिंतीवर पावणेतीन मीटर उंची पाहिजे, कमी असेल तर पुढची पट्टी डोक्याला लागणार, मग छोटी ऑनिंग घ्या.

वाऱ्याचं म्हणाल तर युरोपियन स्टँडर्डच्या क्लास 2 ची ऑनिंग साधारण ताशी 38 किलोमीटरपर्यंतच उघडी ठेवायची असते, मे महिन्यातला वळीव त्याच्या सहज वर जातो. ढग दिसले की गुंडाळा. मोटर असेल तर 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच.

लावून झाल्यावर एक बाजू खाली दिसत असेल तर आधी दोन्ही ब्रॅकेट लेव्हलमध्ये आहेत का बघा, मग आर्मचा, म्हणजे कापड पुढे धरणाऱ्या दुमडत्या दांड्याचा, स्क्रू फिरवा. ब्रॅकेटमागून पाणी झिरपत असेल तर सिलिकॉन वरून आणि बाजूंनी, खालून उघडं ठेवा म्हणजे आत गेलेलं पाणी बाहेर पडेल. ब्रॅकेटभोवती प्लास्टरला तडा दिसला तर बोल्ट आवळत बसू नका, लगेच गुंडाळा आणि तपासून होईपर्यंत उघडूच नका. आणि आर्म स्वतः काढायला जाऊ नका, आत ताणलेली स्प्रिंग असते, सुटली तर हात मोडतो.