मुंबईत नवीन आलात? आधी लाइन ओळखा, मग गाडी धरा

गावाकडून कोणी नोकरीला, परीक्षेला किंवा पेशंट घेऊन मुंबईत येणार असलं की हमखास प्रश्न येतो, अंधेरीला जायला कुठली गाडी धरू? माझं म्हणणं, आधी हे बघा की तुम्ही आत्ता कुठल्या लाइनवर आहात आणि जायचंय ते ठिकाण कुठल्या लाइनवर आहे, एवढं कळलं की निम्मं काम झालं.

लोकल रेल्वेच्या लाइनी अशा. वेस्टर्न म्हणजे चर्चगेटवरून दादर, अंधेरी, बोरिवली, विरार, पुढे डहाणूपर्यंत. सेंट्रल म्हणजे सीएसएमटीवरून (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे, कल्याण, आणि कल्याणला दोन फाटे, एक कसारा, दुसरा कर्जत-खोपोली. हार्बर सीएसएमटीवरूनच निघते, वडाळ्याला फुटते, एक पनवेलला, एक अंधेरी-गोरेगावकडे. शिवाय ठाण्याहून वाशी, पनवेलला ट्रान्सहार्बर आहेच.

या सगळ्या लाइनी साधारण उत्तर-दक्षिण धावतात, त्यामुळे एकाच लाइनवर कितीही लांब जायचं असेल तरी सोपं आहे, खरा घोळ होतो तो ईस्टवरून वेस्टला जाताना, म्हणून लाइन बदलायची स्टेशनं पाठच करून टाका. दादर सेंट्रल-वेस्टर्न, कुर्ला सेंट्रल-हार्बर, सेंट्रलचं परळ आणि वेस्टर्नचं प्रभादेवी पुलाने जोडलेली. आणि घाटकोपर ते अंधेरी मेट्रो १, ही २०१४ ला सुरू झाली आणि ठाण्याहून अंधेरीला जाणाऱ्यांचं दादरला खाली जाऊन परत वर यायचं संपलं. ठाण्याहून फास्ट, म्हणजे मोजक्याच स्टेशनांवर थांबणारी गाडी पकडून घाटकोपरला उतरा, पूल चढून मेट्रोत बसा, झालं. दादरला आता सगळे प्लॅटफॉर्म सलग नंबरचे आहेत, १ ते ७ वेस्टर्न आणि ८ ते १४ सेंट्रल, कोणी जुन्या सवयीने "सेंट्रलचा एक नंबर" म्हणाला तर परत विचारून घ्या.

आता इंडिकेटर, म्हणजे प्लॅटफॉर्मवरचा गाडीचा बोर्ड. त्यावर गाडी कुठपर्यंत जाणार, वेळ, फास्ट की स्लो (सगळीकडे थांबणारी) आणि डबे किती, १२ की १५, एवढं सगळं असतं, नुसतं ठिकाणाचं नाव बघून धावू नका. सीएसएमटीहून कल्याण फास्ट धरली आणि तुम्हाला कांजूरमार्गला उतरायचंय, तर कांजूर डोळ्यांदेखत निघून जाणार, गाडी काही थांबणार नाही. आणि संध्याकाळी दादरवरून बांद्रा-अंधेरीला जायला विरार फास्टमध्ये अजिबात चढू नका, चढायला जमलं तरी मधे उतरायला जमेलच असं नाही, अंधेरी किंवा बोरिवली लोकल बघा, शांतपणे जाल.

उतरायची तयारी एक स्टेशन आधीपासून. पुढच्याला विचारायचं, "दादर का?" तो हो म्हणाला की त्याच्या मागे उभं राहायचं, नाही म्हणाला की तो स्वतःच बाजूला सरकून तुम्हाला पुढे घेतो. प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येणार तेही तेव्हाच विचारा. बॅग पाठीवरून काढून पुढे घ्या. आणि दारात लटकायचं नाही, गाडी भरून आली तर सोडून द्या, मागून दुसरी येतेच, हे मी अगदी हात जोडून सांगतोय.

तिकीट मोबाइलवर निघतं, पण स्टेशनात शिरायच्या आधी काढा. सेकंड क्लासचं तिकीट घेऊन फर्स्ट क्लासमध्ये चढलात तर टीसी दंड लावणार, डब्यावर तिरके पट्टे असतात ते बघून चढा. बायकांनी एक लक्षात ठेवा, काही डबे २४ तास लेडीज असतात आणि काही ठरावीक वेळेपुरतेच, तसं डब्यावर लिहिलेलं असतं, रात्री २४ तासवालाच बघा.

परळच्या टाटा हॉस्पिटलला पेशंट घेऊन येणाऱ्यांसाठी खास सांगतो. सकाळच्या गर्दीत पेशंटला लोकलने नेऊ नका. एक्सप्रेसने दादरला उतरलात तर तिथून सरळ टॅक्सी करा, अंतर फार नाही. रिक्षा शोधत बसू नका, वेस्टला बांद्रा आणि ईस्टला सायनच्या पुढे शहरात रिक्षा येतच नाही, तिकडे काळी-पिवळी टॅक्सी किंवा बस. पेशंटसोबतचा माणूस एकटाच रोज ये-जा करणार असेल तर सेंट्रलची स्लो गाडी धरून परळ, वेस्टर्नची धरून प्रभादेवी, पुढे चालत.

बेस्टची बस, म्हणजे मुंबईची सिटी बस, लोक उगाच विसरतात. मे २०२५ ला भाडं वाढलं तरी साध्या बसचं कमीत कमी १० रुपये आणि एसीचं १२, म्हणजे स्टेशनपासून घरापर्यंत याहून स्वस्त काही नाही. बसच्या तोंडावर नंबर मराठी आकड्यात असतो, त्यामुळे गावाहून आलेल्या आजी-आजोबांनाही वाचता येतो. कंडक्टरला ठिकाण सांगून ठेवलं की तो उतरायच्या वेळी आवाज देतो.

सोबत म्हातारी माणसं असतील तर मेट्रो ३ बघाच. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण चालू आहे, जमिनीखालून, लिफ्ट आहे, एसी आहे आणि विमानतळ, बीकेसी (बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्स), सिद्धिविनायक, मुंबई सेंट्रल, सीएसएमटी सगळं एकाच लाइनवर. लोकलपेक्षा पैसे जास्त जातात पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला लोकलच्या गर्दीत कोंबण्यापेक्षा ते परवडलं.

आणि रविवारी निघणार असाल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास ट्रॅक बंद, कुठे आहे ते बघून ठेवा, ब्लॉकमध्ये फास्ट गाड्या स्लो ट्रॅकवरून जातात, काही रद्द होतात, परीक्षा असेल तर घरून तासभर लवकरच निघा.