पहिली भयकथा लिहिताना: आधी घर, मग भूत

सामाजिक किंवा विनोदी कथांवर हात बसलेला लेखक भयकथेकडे वळला की आधी ओसाड वाडा शोधायला निघतो. इंदूरचा असेल तर कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे होळकरांची स्मारकं, नाहीतर थेट त्यांचा राजवाडा. पण ‘ओसाड वाडा’ हे शब्द दिसताच वाचक सावध होतो आणि पुढचं सगळं त्याला आधीच ठाऊक असतं. शिवाय राजवाड्याला लागूनच सराफा. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, रात्री भुट्ट्याचा कीस आणि थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाणाऱ्यांची झुंबड. तिथे भुताला उभं राहायलाही जागा मिळायची नाही.

त्यापेक्षा साधं राहतं घर घ्या. वाचकाला भीती वाटते ती रोजचा क्रम मोडल्यावर, आणि तो मोडण्याआधी वाचकाच्या अंगवळणी पडायला हवा. म्हणून कथा सुरू करण्यापूर्वी एका कागदावर त्या घराची दिनचर्या लिहा. कोण कुठे झोपतं, कोणतं दार पावसाळ्यात फुगून अडकतं, रात्री कुठला दिवा चालू राहतो, दूधवाला किती वाजता येतो. कागदावर वीस नोंदी होऊ द्या. कथेत चार-पाच पुरतात.

उदाहरणासाठी रामबागेतलं तीन खोल्यांचं घर घेऊ. इंदूरच्या बऱ्याच वस्त्यांत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. समजा, या घरी ते पहाटे सहाला येतं, अंगणातला हौद भरतो, मग मोटर लावून गच्चीवरची टाकी भरायची. पाण्याचा दिवस आणि कोरडा दिवस, एवढ्यावर घर चालतं. हा झाला क्रम. आता तो एकाच जागी मोडा: कोरड्या दिवशी नळ सुरू होतो.

बस, एवढंच. आरशात चेहरा, रडणारं बाळ, आपोआप उघडणारं कपाट यांतलं काहीही सोबत आणू नका. पाच चमत्कार असले की वाचक एकाचाही विचार करत नाही.

पहिली कथा साधारण 2000 शब्दांची धरा. नळ पहिल्यांदा अवेळी वाहतो ते 300 ते 400 शब्दांच्या आसपास यावं. त्याआधी आणलंत तर क्रम रुजलेला नसतो; 600 च्या पुढे ढकललंत तर वाचक ती घरगुती कथा समजून निवांत होतो. या पहिल्या वेळेला सरळ कारण मिळू द्या: ‘लाइनचं काम केलं असेल, म्हणून सोडलं पाणी.’ दुसरी वेळ 900 च्या सुमारास, रात्री दोनला, आणि शेजारी विचारल्यावर कळतं की त्यांच्याकडे थेंबही आला नाही. अजूनही कारण देता येतं, पण ओढूनताणून. तिसरी वेळ 1500 ला: नळाची जोडणी काढून ठेवलेली आहे आणि हौद काठोकाठ भरला आहे. दर वेळी कारणाला जागा कमी होत जाते. नवख्यांच्या कथा फसतात त्या बहुधा इथेच, कारण त्यांची पहिलीच घटना तिसरीइतकी मोठी असते आणि पुढे चढायला पायरी उरत नाही.

‘मग ते घर सोडून जात का नाहीत?’ हा प्रश्न वाचक विचारणारच. आजारी सासरे, अडकलेलं डिपॉझिट, तोंडावर आलेली परीक्षा ही उत्तरं चालतात, पण ती बाहेरून चिकटवलेली वाटतात. सगळ्यात चांगलं उत्तर म्हणजे त्या माणसांना ती गोष्ट हवी असणं. मे महिना आहे, बोअर आटली आहे, टँकरला पैसे मोजावे लागताहेत. अशा वेळी फुकट पाणी आलं तर घरची बाई घाबरणार नाही. आधी बादल्या लावेल. शेजारणीला सांगणारही नाही. आता वाचकही मनातून म्हणतो, भरून घे बाई. तो या व्यवहारात सामील झाला की पुढची भीती त्याचीही होते.

भुताचे नियम तीन ओळींत स्वतःपुरते लिहून ठेवा: ते काय करू शकतं, काय करू शकत नाही, त्याला काय हवं आहे. आपल्या कथेत ते ओल्या जागेवरूनच येऊ शकतं. कोरडा उंबरठा त्याला ओलांडता येत नाही. एवढं ठरलं की प्रसंग आपोआप सुचतात: कुणीतरी फरशी पुसतं, पोरगं ओल्या पायांनी आत धावतं. नियम कथेत समजावून सांगायचे नाहीत, पण मोडायचेही नाहीत. भूत काहीही करू शकत असेल तर पात्राच्या सावधपणाला अर्थ उरत नाही आणि वाचक काळजी करणं सोडतो. मुंजा, चकवा, हडळ यांचे नियम परंपरेनेच तयार आहेत. चकवा वाट चुकवतो, माणसाला तिथल्या तिथे फिरवत ठेवतो. नियम खुशाल घ्या, नाव मात्र घेऊ नका. ‘हडळ’ म्हटलं की उलटे पाय आणि मोकळे केस डोळ्यांपुढे येतात, आणि तुमचं पाणी बाजूलाच राहतं.

आधी ऐकू येऊ द्या, मग वास, मग स्पर्श. दिसणं सगळ्यात शेवटी, तेही अर्धवट. बंद लाइनीत पाणी येण्याआधी नळातून हवा सुटते. तो सूंऽऽ आवाज इंदूरच्या वाचकाला झोपेतही ओळखू येतो. ‘अचानक एक भयानक आवाज आला आणि तिच्या काळजाचा ठोका चुकला’ असं लिहू नका. ‘नळातून हवा सुटली. आज कोरडा दिवस होता’ एवढं पुरे. पात्र घाबरून दाखवू लागलं की वाचकाचं काम संपतं. ‘अचानक’, ‘गूढ’, ‘अंगावर काटा’ आणि उद्गारचिन्हांच्या रांगा दुसऱ्या खर्ड्यात शोधून काढून टाका.

संवाद घरात बोलतात तसेच ठेवा. सासू मराठीत विचारेल, “आज कुठला गं नळ, कालच येऊन गेला ना?” आणि कामवाली म्हणेल, “भाभी, आज तो पानी का दिन नहीं है.” घाबरवणारं वाक्य असंच, भांडी घासता घासता यावं.

शेवटी मांत्रिक आणू नका, विहिरीत पडलेल्या सुनेची कहाणी सांगणारे आजोबा आणू नका, आणि ‘ते स्वप्न होतं’ तर नाहीच. पहिल्या खर्ड्याचा शेवटचा परिच्छेद बहुतेक वेळा स्पष्टीकरणाचा असतो. तो झाकून वाचा, कथा त्याआधीच संपलेली दिसेल.

खर्डा आठवडाभर बाजूला ठेवा, मग कुणालातरी मोठ्याने वाचून दाखवा. ऐकणारा जिथे शंका काढेल तिथे खूण करा, पण उत्तर तिथे लिहू नका. ते दोन प्रसंग आधी, एका साध्या वाक्यात पेरून टाका.