नोकरी बदलताना आरोग्य विमा तुटू नये म्हणून: जुन्या आजाराच्या रुग्णांसाठी

कंपनीची ग्रुप पॉलिसी बहुतेक ठिकाणी महिनाअखेरीला नाही, तर कामाच्या शेवटच्या दिवशी संपते. शेवटचा दिवस १२ तारीख असेल, तर १३ तारखेला डायलिसिसला गेलेल्या माणसाचं कार्ड काउंटरवर चालत नाही. नव्या कंपनीत रुजू झाल्यावरही टीपीएकडे (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) नावं चढायला काही दिवस जातात. धडधाकट माणसाचं हे अंतर सहज निभावतं. मधुमेह, किडनी किंवा हृदयाचा जुना आजार असेल, तर राजीनामा द्यायच्या आधीच पॉलिसीचं बघावं.

१. एचआरकडून लेखी घ्या. नोटीस पिरियड सुरू होताच ईमेल करा आणि तीन गोष्टी मागा: कव्हर संपण्याची नेमकी तारीख, तुम्ही या पॉलिसीत किती वर्षं सलग होता याचं पत्र (घरच्यांची नावं आणि सम इन्शुअर्ड, म्हणजे विम्याची रक्कम, यांसकट) आणि विमा कंपनीचं नाव. कार्डावर टीपीएचं नाव ठळक असतं आणि अनेक जण त्यालाच विमा कंपनी समजून भलतीकडे अर्ज करतात. शेवटच्या दिवशी ऑफिसचा ईमेल बंद होतो, म्हणून पत्र आधीच स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवा.

२. त्याच कंपनीची वैयक्तिक पॉलिसी मागा. ग्रुपमधून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं. कंपनी तपासणी करू शकते, प्रीमियम जास्त लावू शकते. पण मोलाची गोष्ट वेगळीच आहे: आधी सलग काढलेली वर्षं वेटिंग पिरियडमधून, म्हणजे जुन्या आजाराचा खर्च कंपनी देत नाही त्या सुरुवातीच्या काळातून, वजा होतात. जुन्या आजारासाठीचं हे वेटिंग १ एप्रिल २०२४पासून जास्तीत जास्त ३६ महिने आहे, पूर्वी ४८ होतं. सवलत जुन्या रकमेपुरतीच मिळते. आधी ५ लाखांचं कव्हर होतं आणि आता १० लाखांचं घेतलं, तर वरच्या ५ लाखांना वेटिंग पहिल्यापासून. हा अर्ज कव्हर संपायच्या आत गेला पाहिजे.

नव्या नोकरीत ग्रुप कव्हर मिळणार आहे, मग ही पॉलिसी कशाला, असं वाटेल. जुना आजार असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: छोट्या रकमेची का होईना, स्वतःची एक पॉलिसी चालू ठेवावी. पुढची नोकरीही कधीतरी सुटतेच.

३. दुसऱ्या विमा कंपनीत जायचं असेल तर रिन्यूअलच्या वेळी पोर्ट करा, म्हणजे जुन्या वर्षांची सवलत घेऊन पॉलिसी तिकडे हलवा. अर्ज रिन्यूअलच्या ६० ते ४५ दिवस आधी द्यायचा. रिन्यूअल १ डिसेंबरला असेल, तर २ ते १७ ऑक्टोबर. एजंट ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणाला तर ऐकू नका. जुन्या कंपनीने ७२ तासांत माहिती द्यायची आणि ती मिळाल्यावर नव्या कंपनीने ५ दिवसांत निर्णय कळवायचा, असा नियम आहे. नवी कंपनी नकार देऊ शकते. जुनी मात्र केवळ तुम्ही क्लेम केले म्हणून रिन्यूअल नाकारू शकत नाही. म्हणून नवी पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनी सोडायची नाही. होकार आला नाही, तर मुदतीत जुनीच भरून टाका.

४. प्रपोजल फॉर्म (पॉलिसीसाठीचा अर्ज) स्वतः वाचा. अनेक क्लेम इथे अडतात. एजंट पटापट सगळीकडे ‘नाही’वर टिक करतो आणि ओटीपी मागतो. ओटीपी दिला की ती तुमची सही झाली. आजाराचं नाव, निदानाचा महिना-वर्ष, चालू औषधं त्यांच्या डोससकट, आधीची अ‍ॅडमिशन्स, सगळं लिहा. साधी थायरॉइडची गोळीसुद्धा.

दुसरी खाच कॅज्युअल्टीत असते. रात्री दोनला निवासी डॉक्टर विचारतात, ‘शुगर कधीपासून?’ घाबरलेला मुलगा म्हणतो, ‘असेल दहा वर्षं.’ केस पेपरवर ‘डीएम (मधुमेह), १० वर्षे’ लिहिलं जातं. फॉर्ममध्ये तुम्ही खरं तेच, ६ वर्षं, लिहिलेलं असतं. हा फरक धरून क्लेम ‘माहिती लपवली’ म्हणून फेटाळला जातो. यावर उपाय एकच: निदानाची तारीख आणि औषधांची यादी असलेला एक कागद घरच्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ठेवा आणि विचारलं की तोच दाखवा. डिस्चार्ज समरी सहीआधी वाचा. चूक असेल तर त्याच डॉक्टरांकडून तिथेच दुरुस्त करून घ्या. घरी गेल्यावर ते काम फार जड जातं. सलग ६० महिने पॉलिसी चालल्यावर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याचं कारण देता येत नाही. ही सलगता तुटू न देण्याचं हेही एक कारण.

५. रूम रेंट तपासा. सम इन्शुअर्ड ५ लाख आणि खोलीभाड्याची मर्यादा त्याच्या १ टक्का, म्हणजे रोज ५,००० रुपये. मुंबईत या भावात सिंगल रूम मिळणं कठीण. ८,००० ची खोली घेतली, तर फक्त फरकाचे ३,००० जात नाहीत. डॉक्टर, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर यांच्या बिलालाही तेच प्रमाण लागतं. हे बिल १,६०,००० झालं, तर कंपनी १,००,०००च देते. औषधं आणि तपासण्यांना मात्र ही कात्री लावायची नसते. जमलं तर अशी मर्यादा नसलेली पॉलिसी घ्या. रोजच्या गोळ्या-इन्सुलिनचा खर्च बहुतेक पॉलिसी देतच नाहीत, तो वेगळा धरा.

६. आईवडिलांचं वेगळं बघा. नव्या ग्रुपमध्ये ते असतीलच असं नाही. वय ७० पूर्ण असेल, तर उत्पन्न कितीही असो, केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत होतात आणि खासगी पॉलिसी असली तरी चालतं. त्याहून लहान असतील, तर राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेची माहिती देणारा कर्मचारी) विचारा.

७. क्लेम फेटाळला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी) जा. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर आहे. तक्रार वर्षाच्या आत करायची, दावा ५० लाखांपर्यंतचा हवा. फी नाही, वकील लागत नाही.

कव्हर नसलेल्या आठवड्यांसाठी केईएम, नायर किंवा सायन या मुंबई महापालिकेच्या रुग्णालयांपैकी एकात आधीच एक केस पेपर काढून ठेवा आणि जुनी फाइल त्यांच्या ओपीडीत दाखवून या. ऐन वेळी नवख्या पेशंटला आजाराचा सगळा इतिहास पहिल्यापासून सांगावा लागतो.