प्रीक्लॅम्प्सियावर थीसिस घेताय? आधी कंट्रोल ठरवा

गरोदरपणात वीस आठवड्यांनंतर बीपी वाढणं, लघवीत प्रोटीन येणं, ही प्रीक्लॅम्प्सियाची व्याख्या तुम्हाला पाठच असणार. पण लवकर सुरू होणाऱ्या प्रकारात खरी गडबड त्याच्या खूप आधी झालेली असते. ट्रोफोब्लास्टने (वारेच्या पेशींनी) स्पायरल आर्टरीत, म्हणजे गर्भाशयाच्या बारीक रक्तवाहिनीत, शिरून भिंतीतला स्नायू घालवायचा आणि ती सैल, रुंद करायची, थेट मायोमेट्रियमच्या (गर्भाशयाच्या स्नायूच्या थराच्या) आतल्या भागापर्यंत. ते अर्धवट राहिलं की वारेला रक्त नीट पोचत नाही, ती ताणाखाली येते आणि आईच्या रक्तात एसएफएलटी-१ हे प्रोटीन वाढतं, जे पीएलजीएफ आणि व्हीईजीएफ या रक्तवाहिन्यांना लागणाऱ्या ग्रोथ फॅक्टरना धरून ठेवतं, मग आईच्या रक्तवाहिन्या आणि किडनी बिघडतात. २००३ मध्ये संशोधक करुमंचींच्या टीमने गाभण उंदीर माद्यांमध्ये हेच एसएफएलटी-१ वाढवलं तर वाढलेलं बीपी आणि लघवीत प्रोटीन दोन्ही आले.

आता खड्डा, ज्यात मीही पडले. केस (आजार असलेली बाई) ३२ आठवड्यांची, कंट्रोल (तुलनेसाठी आजार नसलेली) ३९ ची, कारण तीच वार सहज मिळते. मग शेकडो जीन्स वेगळे दिसतात आणि आपण खूश! अरे पण ३२ आणि ३९ आठवड्यांची वार मुळातच वेगळी असते. रक्तातलं पीएलजीएफ नॉर्मल बाईतही साधारण तिसाव्या आठवड्यानंतर उतरतं, एसएफएलटी-१ शेवटच्या दोन महिन्यांत चढतं, म्हणजे उशिराचा कंट्रोल घेतला की खरा फरकही झाकला जातो. त्यात केस सिझरची आणि कंट्रोल तासन्‌तास कळा देऊन नॉर्मल झालेली, तर कळांचाच ताण मोजला जातो. बरं, ३२ आठवड्यांचा कंट्रोल आणला तरी ती बाई इतक्या लवकर बाळंत का झाली? बऱ्याचदा इन्फेक्शन. म्हणून दोन्ही कंट्रोल घ्या, प्रीटर्म (वेळेआधीचे) आणि कळांशिवाय सिझर झालेले टर्म (पूर्ण दिवसांचे). गाईड "चालतंय की" म्हणाले तरी ऐकू नका, लेबर रूममध्ये कधी उभ्या न राहिलेल्या माणसाचा सॅम्पलबद्दलचा सल्ला मी तरी मानत नाही.

आणि हो, डिलिव्हरीनंतरच्या वारेत मायोमेट्रियममधली आर्टरी नसतेच, त्यामुळे "कारण सापडलं" असं लिहू नका, परीक्षक तिथेच धरतात. नुसत्या एचटीआर-८ सेल लाइनवर (लॅबमध्ये वाढवलेल्या ट्रोफोब्लास्ट पेशींवर) सगळा थीसिस उभा करायचा शॉर्टकट मला पटत नाही, पण सोबतीला ठीक आहे.

घाबरू नका, सॅम्पल कमी असले तरी काम उभं राहतं. वार बाहेर आल्यापासून फ्रीज होईपर्यंतची वेळ प्रत्येक वेळी लिहा आणि लेबर रूमच्या सिस्टरांशी गोड राहा, रात्री तीनला सिझर लागलं की फोन त्याच करतात.