आई-वडिलांचं ग्रीन कार्ड: या चुका टाळा

आईचं नाव काय, या प्रश्नाला एकच उत्तर नसतं हे मला अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडून जादा पुरावे मागणारं पत्र आल्यावर कळलं. माहेरची कुसुम. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं नाव सुनंदा. माझ्या जन्मदाखल्यावर 'सुनंदाबाई', आणि शाळेच्या दाखल्यावर आजोबांचं नाव आणि माहेरचं आडनाव. कागद चार, बायका चार.

फॉर्म भरणं अवघड नाही, ते कोणीही भरतं. गाडी अडते ती या जुन्या कागदांत. त्यामुळे त्यावरच जास्त लिहितो, बाकीचं आधी उरकून घेऊ.

आई-वडिलांसाठी अर्ज फक्त अमेरिकन नागरिक करू शकतो, तोही २१ वर्षं पूर्ण झालेला. स्वतः ग्रीन कार्डवर असाल तर थांबावं लागतं. या अर्जांना वार्षिक मर्यादा नाही, त्यामुळे भावंडांच्या अर्जांसारखी वर्षानुवर्षांची रांगही नाही. एक गैरसमज असा की आईच्या अर्जात बाबा आपोआप येतात. येत नाहीत. आय-१३० म्हणजे नातेवाइकासाठी करायचा मूळ अर्ज; दोघांचे दोन आय-१३०, दोन वेळा फी (एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन ६२५ डॉलर, कागदावर ६७५). वडिलांच्या अर्जाला तुमच्या जन्मदाखल्याबरोबर आई-वडिलांच्या लग्नाचा दाखलाही लागतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या लग्नाची नोंदणी बऱ्याच घरांत झालेलीच नसते. लग्नपत्रिका आणि फोटोंवर विसंबून राहू नका, नोंदणी आता करून घ्या.

नावं आणि तारखा

आय-१३० मध्ये 'इतर नावं' असा रकाना आहे. मी तो रिकामा सोडला, कारण मला वाटलं पासपोर्टवरचं नाव तेवढं खरं. तिथे माहेरचं, सासरचं, 'बाई' लावलेलं, स्पेलिंग बदललेलं, सगळं लिहायचं असतं. जोडीला 'ही सगळी नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र द्यायचं.

मग जन्मदाखला. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, अंमल १९७० पासून. त्याआधी खेड्यात जन्मलेल्यांची नोंद असलीच तर कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये. कधी मोडीत, आणि बऱ्याचदा बाळाच्या नावाशिवाय: अमक्याला मुलगी झाली, एवढंच. नोंद सापडली नाही तर नोंद नसल्याचा दाखला, म्हणजे अनुपलब्धता प्रमाणपत्र, घ्यायचं आणि त्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला व नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं जोडायची. नुसती प्रतिज्ञापत्रं देऊन भागत नाही. आधी 'नोंद नाही' हे सरकारी शिक्क्यानिशी लागतं.

आमचं प्रतिज्ञापत्र ८४ वर्षांच्या मोठ्या मामांचं. पहिल्यांदा कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडचा ठरलेला मजकूर होता: 'सदर व्यक्तीस मी ओळखतो'. तो कुचकामी निघाला. दुसऱ्यांदा मामांनी स्वतः सांगितलं तसं लिहिलं: मी तिचा सख्खा थोरला भाऊ, तिच्या जन्माच्या वेळी १३ वर्षांचा होतो, बाळंतपण आमच्या घरीच झालं, आई-वडिलांची नावं ही, गाव हे. चालला तो हा कागद. सांगणारा माणूस वयाने मोठा हवा आणि त्याला हे कसं ठाऊक, ते त्यात यायला हवं.

आणि १ जून! त्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लावली. कोतवाल बुकातली तारीख वेगळी निघाली तर लपवायला जाऊ नका. एक तर पासपोर्ट आधी दुरुस्त करा, नाहीतर फरक का पडला ते प्रतिज्ञापत्रात स्पष्ट लिहा. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडा आणि भाषांतर करणाऱ्याने आपल्याला दोन्ही भाषा येतात व भाषांतर बरोबर आहे असं त्याखाली सहीनिशी लिहून द्यायला हवं.

पैशाची हमी

आय-८६४ या आर्थिक हमीच्या फॉर्ममध्ये तुमचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के दाखवावं लागतं. इथे चूक होते ती डोकी मोजण्यात. तुम्ही, बायको, दोन मुलं आणि येणारे आई-बाबा, म्हणजे सहा. २०२५ च्या कोष्टकाप्रमाणे सहा जणांना सुमारे ५३,९४० डॉलर. उत्पन्न कमी पडलं तर दुसरा हमीदार घेता येतो.

टुरिस्ट व्हिसावर आणून इथेच अर्ज

'बी-२ वर बोलाव, मग इथेच फाइल कर' हा सल्ला प्रत्येक मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मिळतो. राहायच्याच इराद्याने आले आणि विमानतळावर 'फिरायला आलो' म्हणाले, तर ते खोटं सांगणं ठरतं. शिवाय अर्ज इथे केल्यावर अॅडव्हान्स परोल, म्हणजे बाहेर जाऊन परत यायची आगाऊ परवानगी, न घेता ते भारतात गेले तर अर्ज सोडून दिला असं धरतात. मागे घरात कोणी आजारी असेल तर ही फार मोठी अट आहे. आम्ही मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतून व्हिसा घ्यायची वाट धरली.

कार्ड आल्यानंतर

तब्येतीचा हिशेब आधी करा. ६५ च्या वरच्या नव्या ग्रीन कार्डधारकाला मेडिकेअर विकत घ्यायलाही सलग पाच वर्षं राहिलेलं असावं लागतं. तोवर खाजगी विमा. त्याचा हप्ता बघून आमच्या ओळखीच्या एकांनी अर्जच पुढे ढकलला, आणि मला ते शहाणपणाचं वाटलं.

कराचं बहुतेकांच्या डोक्यातच नसतं. सांगलीच्या बँकेतली एफडी, पेन्शन, फ्लॅटचं भाडं, सगळं अमेरिकन रिटर्नमध्ये दाखवायचं. परदेशातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तरी एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरायचा. भारतातली साधी बचत खाती एनआरओ (अनिवासी भारतीयांची खाती) करून घ्यायची.

आणि सगळ्यात महागात पडणारी चूक, कार्डाला दहा वर्षांचा व्हिसा समजणं. हे कार्ड इथे राहण्यासाठी असतं. सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की प्रश्न विचारतात, वर्षाच्या वर गेलं तर मुक्काम सोडला असं गृहीत धरू शकतात. विमानतळावर आय-४०७ पुढे केला तर आई-बाबांना घाईत सही करू देऊ नका. तो कार्ड परत केल्याचा फॉर्म आहे, सही ऐच्छिक आहे आणि इमिग्रेशन न्यायाधीशापुढे म्हणणं मांडायचा हक्क त्यांना आहे. जास्त दिवस भारतात राहायचंच असेल तर रीएंट्री परमिट, म्हणजे परत येण्याचा परवाना, दोन वर्षांपर्यंत मिळतं, पण त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो आणि बोटांचे ठसेही सहसा इथेच द्यावे लागतात. आईने दिवाळीचं तिकीट आधी काढलं आणि ठशांची तारीख त्यानंतरची आली. तिकीट बदलायला दंड भरला, फराळ यंदा इथेच केला.