पहिल्या फेरीआधी

बुद्धिबळाच्या स्पर्धेच्या आदल्या रात्री नवं ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) शिकायला बसायचं नाही, हे सगळ्यांत आधी. आठवडाभर आधीच ठरवून टाक: पांढऱ्यांनी पहिली चाल कोणती, काळ्यांनी ई४ला (राजापुढचं प्यादं दोन घरं) काय, डी४ला (वजिरापुढचं प्यादं दोन घरं) काय. एवढ्या तीन उत्तरांवर पहिली महिला स्पर्धा नीट खेळता येते, फक्त ती आतून कळलेली हवीत.

मी काळ्यांनी कॅरो-कान खेळते, म्हणून त्याचंच सांगते. जोडीत पांढऱ्याची चाल आधी, काळ्याची नंतर: ई४ सी६, डी४ डी५, ई५ आणि उंट एफ५. ई६ने वाट बंद व्हायच्या आत हा उंट बाहेर पडतो, यासाठीच तर हे ओपनिंग घ्यायचं. आता समोरचीने एच४ केलं, की सवयीने ई६ला हात जातो. तिथेच घात होतो! जी४, उंट ई४, एफ३, उंट जी६, एच५, आणि उंटाला जायला घर नाही. चौदाव्या वर्षी मी असाच उंट घालवला होता. घरी येईपर्यंत कोणाशी बोलले नाही. एच४ला एच५ करायचं, किंवा एच६ करून उंटासाठी एच७ मोकळं ठेवायचं. पाठांतर नको. पट मांड, स्वतःच्या हाताने तो उंट एकदा अडकवून बघ. त्यानंतर सी५ करून डी४च्या प्याद्यावर दाब कधी आणायचा, याचा विचार कर. बाराव्या चालीनंतर काय करायचं, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

पेअरिंग (कोण कोणाशी खेळणार ती यादी) लागलं की समोरचीचे दोन-तीन डाव बघ, जास्त नको. रेटिंग बघून घाबरू नकोस. सौम्या स्वामिनाथन आपल्या पुण्याचीच, २००९ साली मुलींमध्ये ज्युनिअर जगज्जेती झाली.

सोबत दोन पेनं, पाणी, एसीसाठी स्वेटर. फोन आईकडे द्यायचा. हॉलमध्ये जवळ सापडला तर डाव जाऊ शकतो. कोथरूडहून हडपसरला जायचं असेल तर अर्धा तास जास्तीचा धर.

बरोबरी विचारायची तर आधी चाल कर, मग विचार, मग घड्याळ दाब. आणि वाईट डावही शेवटपर्यंत धरून ठेव. एप्रिल २०२५मध्ये पुण्यातच झालेल्या महिला ग्रां प्रीमध्ये कोनेरू हंपी आणि चीनची झू जिनर दोघींचे ९ पैकी ७ गुण होते, हंपी टायब्रेकवर (गुण सारखे असताना क्रम ठरवायची पद्धत) पहिली आली. तिथे एका बरोबरीचा अर्धा गुण इकडेतिकडे झाला असता तर?

हरलीस तर इंजिन (डाव तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्राम) लगेच उघडू नकोस. आधी जेव, दुपारची फेरी बाकी आहे.